पट्टीच्या कडेखालून

महाभारताच्या स्त्रीपर्वातला एक प्रसंग व्यासांनी मोजक्या ओळींत सांगितला आहे. युद्ध संपलं आहे. शंभर मुलगे गमावलेली गांधारी विचारते, तो राजा कुठे आहे? युधिष्ठिर हात जोडून, थरथरत समोर येतो. तुझ्या मुलांना मारणारा क्रूर माणूस मीच, मला शाप दे, असं म्हणतो. गांधारी बोलत नाही, नुसते सुस्कारे टाकते. तो पाया पडायला वाकतो, तेव्हा डोळ्यांवरच्या पट्टीच्या आतून तिची नजर त्याच्या बोटांच्या टोकांवर जाते आणि त्याची देखणी नखं तिथल्या तिथे विद्रूप होतात. ते पाहून अर्जुन कृष्णाच्या मागे सरकतो. पुढच्याच क्षणी गांधारीचा राग ओसरतो आणि ती पांडवांची आईसारखी समजूत काढते.

गांधारीचं मन समजून घ्यायचं तर याच ओळींपाशी थांबावं असं मला वाटतं. लग्नापासून बांधून ठेवलेली नजर निसटली ती किती, तर पट्टीच्या कडेएवढी. तेवढ्यात नखं जळली. आत काय साठलं होतं हे सांगायला व्यासांना वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागलेलं नाही.

आदिपर्वात तिचं लग्न ठरतं ते तिला न विचारता. भीष्म तिच्या बापाकडे, सुबलाकडे, धृतराष्ट्रासाठी मागणी घालतात. मुलगा आंधळा म्हणून सुबल क्षणभर घुटमळतो, पण कुरुकुळाचं नाव आणि कीर्ती पाहून होकार देतो. गांधारीच्या कानावर हे येतं. ती एक कापड घेते, त्याच्या अनेक घड्या करते आणि डोळ्यांवर बांधते. नवऱ्याहून वरचढ व्हायचं नाही, हा निश्चय. परंपरेने याला पातिव्रत्य म्हटलं. आपल्या काळातल्या अनेक वाचकांनी याला मूक निषेध म्हटलं. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. त्या मुलीच्या हाती फक्त स्वतःचं शरीर उरलं होतं. बाप, भीष्म, हस्तिनापूर यांच्यापैकी कोणालाही ती नाही म्हणू शकत नव्हती. जिथे तिची सत्ता चालत होती तिथे तिने ती चालवली. भक्ती आणि राग एकाच गाठीत बांधले गेले, आणि कोणता धागा कशाचा हे कदाचित तिलाही पुढे वेगळं करता आलं नसेल.

पण राग बांधून ठेवला म्हणून विरत नाही, हे व्यास पुढच्याच टप्प्यावर दाखवतात. व्यासांच्याच वराने तिला गर्भ राहतो, पण दोन वर्षं प्रसूती होत नाही. तिकडे तिच्या जावेला, कुंतीला, सूर्यासारखा तेजस्वी मुलगा झाल्याची बातमी येते. गांधारी धृतराष्ट्राला कळू न देता आपल्या पोटावर प्रहार करते. लोखंडाच्या गोळ्यासारखा घट्ट मांसपिंड बाहेर पडतो. व्यास जाब विचारतात तेव्हा ती काही लपवत नाही. कुंतीचा मुलगा आधी जन्मला हे ऐकून दुःखाने असं केलं, असं सरळ सांगते. ती गरोदर असताना धृतराष्ट्राची सेवा एक वैश्य स्त्री करत होती आणि तिलाही त्याच्यापासून युयुत्सु झाला, हेही याच कथेत येतं. नवऱ्यासाठी डोळे मिटलेल्या बाईच्या वाट्याला काय आलं, हे लक्षात घेऊन तो प्रहार वाचायला हवा. जो राग बाहेर कोणावर काढता येत नाही तो तिने स्वतःच्या गर्भावर काढला.

धृतराष्ट्राला ती बोलली नाही असं नाही. द्यूताच्या वेळी दुर्योधनाचा त्याग करा, असं तिने सांगितलं. उद्योगपर्वात भर सभेत मुलाला समजावलं, आणि त्याचं पाप ठाऊक असून त्याच्याच कलाने चालता, म्हणून नवऱ्यालाही दोष दिला. युद्धाच्या दिवसांत दुर्योधन जयाचा आशीर्वाद मागत होता, तेव्हा जिथे धर्म तिथे जय, एवढंच ती म्हणाली. राणी म्हणून, आई म्हणून ती स्पष्ट होती. बायको म्हणून मात्र, माझ्या आयुष्याचं हे काय केलंत, हा प्रश्न तिने ना धृतराष्ट्राला विचारला, ना सुबलाला, ना भीष्माला. तिच्या रागाला योग्य माणूस कधी सापडलाच नाही. तो पोटावर गेला, युधिष्ठिराच्या नखांवर गेला आणि शेवटी कृष्णावर.

दुर्योधनाला नग्न उभं करून नजरेने त्याचं शरीर वज्राचं करणारी गांधारी दूरदर्शनमुळे आपल्या मनात घट्ट बसली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ती कथा नाही. तिच्यामुळे एक नुकसान झालं: गांधारीची नजर म्हणजे मुलासाठी राखून ठेवलेलं कवच, असं आपण समजू लागलो. व्यासांच्या गांधारीची नजर जाळते, आणि सगळ्यात जास्त तिलाच.

स्त्रीपर्वात तिला दिव्यदृष्टी मिळते. पट्टी तशीच असते आणि तिला सगळं रणांगण दिसतं. मुलांना आयुष्यात एकदाही डोळ्यांनी न पाहिलेल्या आईला ती पहिल्यांदा दिसतात ती प्रेतं म्हणून. मला हा भाग महाभारतातला सर्वांत कठोर भाग वाटतो. ती आपल्याच मुलांपुरती रडत नाही. अभिमन्यूच्या देहाशी बोलणारी उत्तरा, जयद्रथाचं शिर शोधत धावणारी दुःशला, कर्णाची बायको, एकेक तिला दिसते आणि ती कृष्णाला दाखवत जाते. शकुनीचा देह पाहून ती म्हणते, हा परलोकातही माझ्या सरळ बुद्धीच्या मुलांचं भावंडांशी वैर लावून देईल. मुलं सरळ होती हा आईचा भाबडा विश्वास, आणि सख्ख्या भावाबद्दलची ही भीती, दोन्ही एका वाक्यात!

मग ती कृष्णाला शाप देते: छत्तीसाव्या वर्षी तू तुझ्याच यादवांचा नाश घडवशील. तिचा आरोप नीट वाचावा. तू समर्थ होतास, थांबवू शकत होतास आणि जाणूनबुजून काणाडोळा केलास. डोळे असून न पाहणं हा तिच्याच आयुष्याचा निर्णय होता. जो दोष स्वतःमध्ये पाहवत नाही तो समोरच्यात लख्ख दिसतो, ही मनाची रीत व्यासांनी तिच्या तोंडून वदवली आहे. कृष्ण हसून शाप स्वीकारतो आणि उलट सांगतो, तुझ्याच अपराधाने कौरव मेले. हे बोलणं मला अन्यायाचं वाटतं, कारण वारंवार सावध करणारी तीच होती. पण ती प्रतिवाद करत नाही, गप्प राहते. तो घाव नेमका बसला असावा.

पुढे वनात जाताना कुंतीच्या खांद्यावर गांधारीचा हात असतो आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. जिच्या मातृत्वाच्या बातमीने पोटावर घाव घातला, तिच्याच आधाराने ती चालते. यावर व्यास एक शब्दही बोलत नाहीत.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये वनातल्या गांधारीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडवली. त्या प्रसंगात माया आहे आणि तो वाचताना बरं वाटतं. तरी माझा कौल व्यासांकडे आहे. वणव्यात मरण येईपर्यंत त्यांनी ती पट्टी सोडू दिलेली नाही.