अडीच-तीन मिनिटांचे गाणे
ग्रेटफुल डेड हे नाव ऐकून दिवाळीच्या दिवसांत वडीलधाऱ्यांनी कानांवर हात ठेवू नयेत. 1965 साली कॅलिफोर्नियात जमलेल्या या वादकांचे ‘डार्क स्टार’ 1968 मध्ये तबकडीवर निघाले, तेव्हा ते पुरते तीन मिनिटांचेही नव्हते. पुढच्याच वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’वर तेच गाणे तेवीस मिनिटे चालते! ही वाढ म्हणजे पाणी घालून पुरवलेली आमटी, असे म्हणणारे आहेत. त्यांनी एकदा फिल लेशच्या बासकडे कान द्यावा. बास हा अशा वाद्यमेळातला हमाल. त्याने भार वाहावा, बोलू नये. लेश मात्र जेरी गार्सियाच्या गिटारला सवाल टाकतो, गार्सिया जबाब देता देता भलत्याच वाटेला लागतो, आणि मूळ चाल दिसेनाशी होते. पुढे ती ओळखीची सुरावट परत येते, तेव्हा हायसे वाटते.

याला आपला ख्याल मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या मिकी हार्टने उस्ताद अल्लारखांकडे धडे घेतले, हे खरे. पण इथे रागाचे कुंपण नाही. म्हणून फसले की हे लोक सपशेल फसतात. तरी श्रोत्यांनी त्याही रात्री ध्वनिफितींवर टिपल्या. 1984 पासून तर मंडळींनी टिपणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली. गार्सिया 1995 साली गेला. त्या फिती ऐकताना फसलेल्या रात्री मी गाळत नाही. वाजवणाऱ्याची धाकधूक त्यांतच अधिक ऐकू येते.