मर्ल ओबेरॉन : जन्मदाखला काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रस्तावना

नट-नट्यांनी नाव बदलणे ही काही नवी गोष्ट नाही. पण नावाबरोबर जन्मगाव, वंश आणि आईसुद्धा बदललेली असेल, तर त्या ओळखीकडे कसे पाहायचे? मुंबईत जन्मलेली अभिनेत्री मर्ल ओबेरॉन आणि तिच्यावरचा मारे डेलोफ्स्की यांचा ‘द ट्रबल विथ मर्ल’ (२००२) हा माहितीपट यांच्या आधारे या पाठात आपण हा प्रश्न तपासू. पाठाचे प्रतिपादन असे : मर्लच्या बाबतीत ‘खोटी ओळख’ हा शब्द अपुरा पडतो, कारण येथे खोट्या गोष्टी दोन आहेत आणि त्यांचे कर्तेही वेगळे आहेत.

पहिली गोष्ट : टास्मानिया

मर्लचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. मूळ नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. बालपण पुढे कलकत्त्यात गेले. तेथील ला मार्टिनियर शाळेत शिष्यवृत्तीवर शिकताना मिश्रवंशीय म्हणून तिला मुलींचे टोमणे ऐकावे लागले. कलकत्ता अमॅच्युअर ड्रॅमॅटिक सोसायटीच्या नाटकांतून ती रंगमंचावर आली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती युरोपला गेली आणि अलेक्झांडर कोर्डा यांच्या १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटाने नावारूपाला आली.

याच काळात तिचे नवे चरित्र तयार झाले : जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर, घराणे गोरे, जन्माची कागदपत्रे आगीत नष्ट. टास्मानिया लंडनपासून इतके दूर होते की कोणी पडताळणी करायला जाण्याची शक्यता कमीच होती.

हे खोटे एकट्या मर्लचे नव्हते, हे लक्षात घ्या. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून तेथे स्थायिक होण्यास बंदी घातली होती. १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या हॉलिवूडच्या आचारसंहितेला पडद्यावर मिश्रवंशीय शरीरसंबंध चालत नव्हते. खरे सांगितले असते तर तिला नायिकेच्या भूमिका मिळणे जवळपास अशक्य होते. ‘द डार्क एंजल’ (१९३५) मधील भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, ते गोरी म्हणूनच. म्हणून २०२३ मध्ये मिशेल यो यांचे नामांकन झाले तेव्हा अनेक वृत्तांतांना ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ असा जपून शब्दप्रयोग करावा लागला.

दुसरी गोष्ट : घरातली

शार्लट सेल्बी ही मर्लची आई आणि कॉन्स्टन्स ही मोठी बहीण, असे घरात सांगितले जाई. लंडनमध्ये सावळ्या शार्लटची ओळख नोकराणी म्हणून करून दिली जाई, असे चरित्रकार नोंदवतात. १९३७ मध्ये शार्लट वारली.

कॉन्स्टन्सचा मुलगा हॅरी सेल्बी याने पुढे मुंबईच्या सरकारी दप्तरातून मर्लचा जन्मदाखला शोधून काढला. त्यातून कळले की मर्ल त्याची मावशी नव्हे, तर सावत्र बहीण होती. म्हणजे कॉन्स्टन्स ही मर्लची आई आणि शार्लट आजी. मर्लच्या जन्मावेळी कॉन्स्टन्स स्वतःच अल्पवयीन होती. हॅरी मर्लला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. तिने भेट नाकारली. चरित्रकारापासून त्याने ही माहिती दडवून ठेवली आणि ती डेलोफ्स्की यांना सांगितली.

आता फरक पाहा. टास्मानियाची कथा बाजारासाठी रचली गेली. घरातली कथा अल्पवयीन मुलीवर ओढवलेला प्रसंग झाकण्यासाठी रचली गेली, आणि ती रचली तेव्हा मर्ल तान्हे मूल होती. पहिल्या कथेत ती सहभागी आहे. दुसऱ्या कथेची ती कर्ती नव्हे. जन्मदाखला दोन्ही कथा एका फटक्यात खोट्या ठरवतो, पण हा भेद मात्र सांगत नाही.

मराठी रंगभूमीवरील तुलना

अब्दुल करीम खाँ यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर ताराबाई माने यांनी मुलांची नावे बदलली. चंपाकली ही हिराबाई बडोदेकर झाली, अब्दुल रहमान हा सुरेशबाबू माने झाला. येथेही नाव आईने दिलेले आहे आणि त्यामागे समाजात मानाने उभे राहण्याची गरज आहे. पण वडील कोण, हे संगीताच्या जगात लपून राहिले नाही. नावबदल आणि ओळख पुसणे यांतील अंतर या उदाहरणाने स्पष्ट होते.

माहितीपटाचे मूल्यमापन

डेलोफ्स्की केवळ कागद दाखवून थांबत नाहीत. मर्ल आपल्याच बेटाची, सेंट हेलेन्स येथील लॉटी चिंटॉक या चिनी वंशाच्या बाईची मुलगी, असे मानणाऱ्या टास्मानियातील लोकांनाही त्या बोलू देतात. वस्तुस्थिती म्हणून ही कथा टिकत नाही. तरी गोऱ्या समाजातील दडपलेल्या नात्यांची आठवण तिच्यात आहे, आणि ती हसण्यावारी न नेणे हे या माहितीपटाचे बळ आहे. मात्र त्यावरची चर्चा अनेकदा ‘खरी आई कोण’ एवढ्यावरच येऊन थांबते. कॉन्स्टन्सवर काय ओढवले, हा त्याहून गंभीर प्रश्न मागे राहतो. समीक्षकाने तो पुढे आणला पाहिजे.

स्वाध्याय

समजा, रायपूरच्या सदर बाजारातील एका मराठी कुटुंबातले पणजोबा वेगळ्या नावाने नाटकांत कामे करत. त्यांचा शोध घेताना :

१. घरात सांगितली जाणारी सर्व नावे आधी लिहून काढा.
२. केवळ रायपूरचे दप्तर पाहू नका. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती.
३. प्रत्येक नोंदीला विचारा : ही माहिती कोणी दिली, केव्हा दिली, आणि तसे सांगण्यात कोणाचा बचाव होता? सदर बाजारातला सराफ शिक्का पाहूनही सोने कसोटीवर घासतो, तसे.
४. जे सापडेल त्याने हयात असलेल्या कोणाला इजा होईल का, याचा विचार लिहिण्यापूर्वी करा.

चौथा मुद्दा शेवटी असला तरी त्याला सर्वाधिक महत्त्व द्या. दाखला शोधायला चिकाटी पुरते. तो केव्हा आणि कोणासमोर ठेवायचा, हे ठरवायला विवेक लागतो.