कॅशलेस स्लॉट मशीन आणि डाव लावणारा माणूस

नताशा डाऊ शूल यांचे 'ॲडिक्शन बाय डिझाइन' हे 2012 सालचे पुस्तक आम्ही आज समोर ठेवले आहे. बाई मानववंशशास्त्रज्ञ. लास वेगासमध्ये मशीनवर खेळणाऱ्यांशी त्या वर्षानुवर्षं बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की, अट्टल खेळणारा जिंकायला खेळतच नाही; खेळ चालू राहावा म्हणून खेळतो. पैसा त्याला हवा तो पुढच्या डावापुरता. हे आम्हांला पूर्ण पटते.

आता पैशाचं काय झालं ते बघा. पूर्वी नाणं टाकायचं, दांडा ओढायचा. मग नोटा घेणारी यंत्रं आली. 2000 नंतर नाण्यांच्या जागी छापील तिकीट आलं. 2020 मध्ये नेवाडा राज्याने नियम बदलून मोबाइलवरच्या पाकिटाची वाट मोकळी केली. याला सोय म्हणतात. पण प्रत्येक पायरीवर एकेक थांबा गेला: खिशात हात घालणं, सुटे आणायला उठणं, नाण्यांचं भांडं रिकामं दिसणं.

सभापर्वातलं द्यूत आठवा. युधिष्ठिर सर्वस्व हरला, तरी प्रत्येक पण त्याने नाव घेऊन लावला. हे धन, हा रथ, हा नकुल, हा सहदेव. सभेने ते ऐकलं. (विदुर सोडला तर सभेने काय केलं, ते विचारू नका.) डाव लावणं ही उच्चारलेली कृती होती. खात्यातून मुकाट सरकणाऱ्या आकड्याला 'पण' म्हणायचं का?

इथवर शूल यांच्याबरोबर जाता येते. पुढे मात्र पुस्तक अपुरं वाटतं. त्याचा सारा जीव वेगासमध्ये गुंतलेला, त्यामुळे रोकड गेली की माणूस बुडालाच, अशी वाचकाची समजूत होते. नॉर्वेने 2006 मध्ये मशीनमध्ये नोटा टाकणं बंद केलं, 2007 मध्ये मशीनच काढली. नंतर सरकारी कंपनीने नवी यंत्रं आणली, तीही कॅशलेसच! नावाचं कार्ड सक्तीचं. सुरुवातीला दिवसाला 400 आणि महिन्याला 2200 क्रोनर हरलात की खेळ बंद. तासाभराने सक्तीची विश्रांती. तंत्र तेच, मालकाचा हेतू निराळा.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या गुन्हे आयोगाने 2022 मध्ये काळा पैसा रोखण्यासाठी कॅशलेस कार्ड सक्तीचं करा म्हटलं, तेव्हा तिथल्या क्लबवाल्यांनी जोरात विरोध केला. गंमत आहे की नाही? नेवाडात जुगाराच्या धंद्याला रोकड अडचणीची वाटते, सिडनीत तीच लाडकी होते. कारण सिडनीत कार्डाबरोबर नाव येणार होतं, मर्यादा येणार होती.

कुणी म्हणेल, मर्यादा घालणारं सरकार म्हणजे पालकच झालं. आक्षेप हलका नाही. पण सकाळी शुद्धीत स्वतःची मर्यादा ठरवणारा आणि रात्री ती ओलांडू पाहणारा, यांतला स्वतंत्र कोण? आम्ही सकाळच्या माणसाच्या बाजूने आहोत. थोडे बिचकतच, कारण त्याला थांबवणारं कार्ड त्याची नोंदही ठेवतं. नॉर्वेत ती नोंद सरकारी कंपनीकडे जाते. वेगासमध्ये ती कॅसिनोकडे जाते, आणि गिऱ्हाइकाला परत बोलावण्याच्या कामी येते. शूल यांनी त्याबद्दल लिहिलेली पानं तेवढी जरूर वाचा.