फोनची जागा घड्याळ घेईल का?

विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मध्यंतरी आम्हाला विचारले, "आठवीतल्या मुलीला फोन द्यायचा नाही. पण शिकवणीहून यायला उशीर झाला तर तिला घरी कळवता आले पाहिजे. मनगटावरचे फोनचे घड्याळ दिले, तर फोनची गरज संपेल का?" आज अनेक घरांत हा प्रश्न विचारला जात असणार. त्याचे उत्तर जाहिरातींत शोधण्यापेक्षा शालेय भौतिकशास्त्रात शोधावे, असे आम्हाला वाटते.

कल्पना तशी जुनी आहे. चेस्टर गूल्ड या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या डिक ट्रेसी या चित्रमालिकेतील पोलीस १९४६ सालीच मनगटावरच्या रेडिओवरून बोलू लागला होता. सॅमसंगचे 'गिअर एस' हे स्वतःचे सिमकार्ड असलेले घड्याळ २०१४ साली आले. ॲपलने २०१७ साली आपल्या घड्याळाच्या तिसऱ्या मालिकेत मोबाइल जोडणीची सोय दिली आणि मे २०१८ मध्ये ते भारतात मिळू लागले. तेव्हापासून 'फोन घरी ठेवा आणि निघा' असे सांगितले जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे?

पहिला प्रश्न ऊर्जेचा. चिपवरील ट्रान्झिस्टर गेल्या साठ वर्षांत लहान लहान होत गेले. त्यामुळे फोनचा मेंदू घड्याळात बसवणे शक्य झाले. विद्युतघट मात्र त्या वेगाने लहान होत नाही. त्यात किती ऊर्जा साठणार हे रासायनिक पदार्थांच्या प्रमाणावर, म्हणजेच आकारमानावर ठरते. आजच्या फोनमध्ये सामान्यतः ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा घट असतो. बहुतेक घड्याळांत ३०० ते ६००. दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच असल्याने ही तुलना सरळ करता येते. घड्याळाची शिदोरी फोनच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाची आहे.

२०१७ च्या त्या घड्याळाच्या लहान नमुन्यात सुमारे १ वॅट-तास ऊर्जा मावत असे. मोबाइलच्या जाळ्यावरून थेट बोलल्यास ते १ तास चालेल, असे कंपनीनेच जाहीर केले होते. म्हणजे बोलताना सुमारे १ वॅट शक्ती खर्च होते, हे विद्यार्थी स्वतः काढू शकतील. याच घड्याळाची बॅटरी दिवसभर, म्हणजे १८ तास पुरते, असाही दावा होता. पण त्या चाचणीच्या अटी वाचल्या तर दिसते की, १८ पैकी १४ तास घड्याळ शेजारच्या फोनला ब्लूटूथने जोडलेले होते. मोबाइलच्या जाळ्यावर ते फक्त ४ तास होते. फोनशिवाय चालणाऱ्या घड्याळाचा दिवस फोनच्या जिवावर मोजला होता! कंपनीने हे लपवले नव्हते; बारीक टाइपात छापले होते. तो बारीक टाइप वाचण्याची सवय मुलांना लावणे हे विज्ञान शिकवण्याचाच एक भाग आहे.

असे का होते? खिशातल्या फोनशी ब्लूटूथने बोलायला काही मिलिवॅट शक्तीचा प्रक्षेप पुरतो. दूरच्या मनोऱ्यापर्यंत पोचायला मात्र २०० मिलिवॅटपर्यंत प्रक्षेप करावा लागतो. मनोरा जितका दूर, तितका घड्याळाचा घसा जास्त कोरडा पडतो.

दुसरा प्रश्न अँटेनाचा. तरंगलांबी म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता. आपल्याकडे वापरात असलेल्या ८५० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंमी येते. चांगल्या अँटेनाची लांबी साधारणतः तिच्या पाव हिश्शाइतकी, म्हणजे ९ सेंमीच्या आसपास असावी लागते. फोन १५ सेंमी लांब असतो, तेव्हा त्यात ती मावते. घड्याळ असते जेमतेम ४ ते ५ सेंमी. अँटेना दुमडून, वळवून बसवता येते, पण तिची कार्यक्षमता घटते. शिवाय खाली मनगट आहे आणि त्यातील पाणी लहरी शोषून घेते. जास्त वारंवारतेच्या, आखूड लहरींना लहान अँटेना पुरते. पण लांबवर आणि भिंतींच्या आत पोचतात त्या कमी वारंवारतेच्याच. म्हणून जिथे फोनची जेमतेम एक-दोन रेघ दिसते, अशा ठिकाणी घड्याळ आधी मुके होण्याचा संभव अधिक.

तिसरा प्रश्न आपल्या बोटांचा. टंकनासाठी एका अक्षराला ७ मिमी बाजूचा चौरस दिला, तर २६ इंग्रजी अक्षरांना १२७४ चौरस मिमी जागा लागते. २०१७ च्या मोठ्या ॲपल घड्याळाचा पडदा ७४० चौरस मिमीचा होता. २०२१ मध्ये तो सुमारे ११४० झाला आणि त्यावर पूर्ण कळफलक आला. पण शब्दाचा अंदाज बांधूनच तो चालतो. आपली स्वर-व्यंजने ४५ हून अधिक. त्यांना याच हिशेबाने २२०० चौरस मिमी लागतील! बोलून मजकूर उतरवता येतो हे खरे, पण भर एसटीत खासगी निरोप कोण सांगणार?

यांखेरीज काही अडचणी भौतिकशास्त्राच्या नाहीत, रचनेच्या आहेत. आपल्याकडे ॲपलच्या घड्याळाला सामान्यतः फोनचाच क्रमांक जोडला जातो आणि घड्याळ चालू करतानाच आयफोन लागतो. यूपीआय सुरू करताना ज्या फोनमध्ये सिम आहे, त्याच फोनवरून संदेश जावा लागतो. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड टिपायला कॅमेरा हवा. तो या घड्याळात नाही. तेव्हा असे घड्याळ फोनला पर्याय नसून फोनची लांबवलेली दोरी आहे.

मग ते निरुपयोगी आहे का? तसे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पोहणाऱ्याला, धावणाऱ्याला, एकट्या राहणाऱ्या वृद्धाला त्याचा मोठा आधार आहे. पडल्याचे ओळखून मदत मागण्याची सोय ॲपलने २०१८ साली दिली. पडलेल्या माणसाचा फोन दुसऱ्या खोलीत असू शकतो. घड्याळ मात्र हातावरच असते. जे काम मिनिटाभरात उरकते आणि ज्याला लिहावे लागत नाही, ते घड्याळाचे काम. वाचणे, लिहिणे, शोधणे ही कामे फोनची.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. "उशीर होतोय" एवढे कळवणे हे मिनिटाभराचेच काम आहे. म्हणजे मुलीसाठी घड्याळ पुरेल. खेळ आणि चित्रफिती त्यावर नीट चालत नाहीत, ही उणीव इथे गुणच ठरते. पण एक सावधगिरी हवी. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २०१७ साली मुलांची चार घड्याळे तपासली, तेव्हा काहींमधील त्रुटींमुळे परक्या माणसालाही मुलाचा ठावठिकाणा कळू शकतो, असे आढळले. त्याच वर्षी जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने, मुलाच्या आसपासचे बोलणे गुपचूप ऐकू देणाऱ्या घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली. काही पालक अशा घड्याळांतून वर्गातले शिक्षकांचे शिकवणे ऐकत होते, असे तिथे आढळले होते.

म्हणून घड्याळ घेताना 'फोनची जागा घेते का' हा प्रश्न मागे ठेवावा. आपल्याला कोणते काम हवे आहे, ते घड्याळ फोन जवळ नसताना किती वेळ करते, आणि आपले बोलणे आणखी कोणाच्या कानी पडते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. तरंगलांबीचे आणि कळफलकाचे गणित मात्र वर्गात जरूर घालावे. त्याला पट्टी पुरते. घड्याळ विकत घ्यावे लागत नाही.