बदललेल्या पित्याचे वाचन

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या पंधराव्या प्रकरणात पात्राकडून चार अपेक्षा ठेवल्या आहेत. त्यांतली शेवटची सुसंगतीची आहे. आणि पात्र मुळातच विसंगत असेल तर त्याची विसंगतीही सुसंगत असावी, अशी पुस्ती त्याने जोडली आहे. कथात्म साहित्याच्या आपल्या समीक्षेने ही अपेक्षा फारशी तपासून न पाहता स्वीकारलेली दिसते. पात्र बदलले तर त्या बदलाचे कारण आपण त्याच्या अनुभवात, परिस्थितीत, संस्कारांच्या संघर्षात शोधतो आणि तेथे ते सापडले नाही, तर 'परिवर्तन अपरिहार्य वाटत नाही' असा शेरा मारून मोकळे होतो. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबल्याने वा फुटल्याने माणसात जो बदल होतो, त्याला मात्र असले कोणतेही कारण नसते. मितभाषी गृहस्थ शिवराळ होतो, करारी बाई कोणत्याही साध्या बोलण्यावर रडू लागते, घरभर हुकूम सोडणारा बाप निरिच्छपणे खिडकीशी बसून राहतो. हे घडायला कथानक लागत नाही. काही मिनिटे पुरतात.

आपली भाषा या घटनेकडे शरीरावरची घटना म्हणूनच पाहते. 'अंगावरून वारं गेलं' हा प्रयोग किती नेमका आहे! वारे येते, अंगावरून जाते, अर्धे अंग घेऊन जाते. मनाला ते शिवत नाही, असे त्यात गृहीत आहे. अर्धांगवायू, पक्षाघात हे शब्दही अंगाचेच आहेत. दुसरीकडे 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण स्वभावाला शरीराच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवते. ज्याला औषध नाही त्याला रोगही नसावा. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत पक्षाघातानंतरचे कुटुंब सापडते. हात-पाय गेले हे त्याला कळते, त्यासाठी शब्द आहेत; माणूस बदलला आहे, हे कोणत्या शब्दांत सांगावे ते उमगत नाही.

भाषाविज्ञानाने या रुग्णांकडे पाहिले नाही असे नाही. रोमान याकोबसनचा वाचाघातावरील 1956 चा निबंध आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला. समानतेवर आधारलेली निवड आणि सान्निध्यावर आधारलेली जुळणी हे भाषेचे दोन व्यापार, त्यांपैकी एक बिघडला म्हणजे दुसऱ्यावर येणारा भार, आणि त्यातून निघालेली रूपक व लक्षणा यांची दोन टोके आपण स्वच्छंदतावादापासून वास्तववादापर्यंत कशालाही लावून पाहिली. ज्या रुग्णांच्या बोलण्यातून हा सिद्धांत उभा राहिला, त्यांना मात्र वाटेतच सोडून दिले. सुरीऐवजी काटा म्हणणाऱ्या माणसासमोर जेवणाच्या टेबलाशी कोणीतरी बसलेले असते आणि आता काय पुढे करावे हे त्याला ठरवायचे असते, ही गोष्ट सिद्धांताला अनावश्यक वाटली.

डिकन्सला ती अनावश्यक वाटली नव्हती. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (1860-61) पिपला आईच्या जागी असलेली त्याची तामसी बहीण डोक्यावरच्या आघाताने जायबंदी होते. हा पक्षाघात नव्हे, मारहाण आहे. पण पुढचे सारे त्याच जातीचे आहे. वाचा जाते, स्मृती डळमळते आणि स्वभाव चक्क सुधारतो. ती पाटीवर पुन्हापुन्हा इंग्रजी टी या अक्षरासारखी खूण काढते. घरचे लोक टी ने सुरू होणारे सारे शब्द धुंडाळतात. शेवटी कळते, ते अक्षर नव्हे, हातोड्याचे चित्र आहे. आणि तिला हातोडाही नको, हातोडा चालवणारा माणूस हवा आहे. याकोबसनच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी सान्निध्याच्या लक्षणेचे इतके शुद्ध उदाहरण एका कादंबरीत येऊन गेले आहे, आणि तेथे तो एका घराचा अर्थ लावण्याचा खटाटोप आहे.

बदललेल्या माणसाची कुटुंबीय एक संहिता करतात आणि तिचे वाचन करतात, हे मला येथे महत्त्वाचे वाटते. हे वाचन नि:पक्षपाती नसते. पित्याने शिवी दिली की 'ते बोलत नाहीत, आजार बोलतो आहे' असा अन्वय लागतो. त्याच पित्याने जन्मात पहिल्यांदा मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, की 'आतून ते असेच होते' असे म्हटले जाते. वास्तविक दोन्हींमागे एकच इजा असू शकते. मेंदूच्या इजेनंतर भावनेशी मेळ नसलेले हसणे-रडणे आपोआप येऊ शकते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. मग माया खरी आणि संताप खोटा, हा निवाडा कोणत्या आधारावर? तर्काने पाहता त्याला आधार नाही. उलट, 'मुखवटा गळला, हाच खरा बाप' असे शिवीबद्दल म्हणणारा मुलगाही तितकाच निराधार असतो. तरीही यांपैकी एखादा निवाडा केल्याखेरीज उद्या सकाळी त्या माणसाचे तोंड धुवायला जाता येत नाही. समीक्षेला अर्थ अनिर्णित ठेवण्याची चैन परवडते. घराला परवडत नाही.

रुग्णाला आतून पाहणाऱ्या कलाकृती या प्रश्नाला सहसा वळसा घालतात. आर्थर कोपिट यांचे 'विंग्ज' (1978) हे नाटक त्यांच्या वडिलांच्या पक्षाघातातून सुचले. पण नाटकात आहे ती एकेकाळी विमानाच्या पंखांवर कसरती करणारी स्त्री. फुटलेल्या भाषेचा तेथला अनुभव विलक्षण आहे, पण मुलाचा प्रश्न बाजूलाच राहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये (2013) मुलीचा प्रश्न आहे. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक हत्तीमागून निघून जातात आणि माहुताच्या बायकोत त्यांना आई दिसते. मात्र स्मृतिभ्रंशाला उतरण असते, घर पायरीपायरीने बदलते. पक्षाघाताला तारीख असते. 'त्या मंगळवारच्या आधी' आणि 'त्या मंगळवारनंतर' अशी घरातल्या प्रत्येक आठवणीची फाळणी होते.

मिशाएल हानेके यांच्या 'आमूर'मध्ये (2012) दुसऱ्या झटक्यानंतर पियानोशिक्षिका असलेली वृद्धा 'दुखते' अशा अर्थाचा एकच शब्द घोकत राहते. परिचारिका नवऱ्याला सांगते, हे मनावर घेऊ नका, या जागी 'आई' हा शब्दही असू शकला असता. व्यावसायिक दृष्टीने ती बरोबर असेल. पण नवरा जवळ बसून हात कुरवाळतो, बोलत राहतो, आणि तो शब्द थांबतो. मग तो शब्द निरर्थक होता काय? परगावाहून येणाऱ्या मुलीला मात्र यातले काहीच वाचता येत नाही. तिच्यापुढे पूर्वीची आई असते किंवा कोणीच नसते.

तॉलस्तॉयने ही सारी गुंतागुंत 'युद्ध आणि शांती'च्या तिसऱ्या खंडात एका प्रकरणात बांधली आहे. थोरले बल्कोन्स्की हे भूमितीच्या धड्यांनी मुलीला आयुष्यभर रडवणारे गृहस्थ. 1812 च्या ऑगस्टमध्ये शत्रू जवळ आला असता त्यांना झटका येतो. बोगुचारवोला ते तीन आठवडे लुळे पडून असतात. मारिया रात्रंदिवस जवळ असते आणि बापाच्या सुधारणेची नव्हे तर अंताची चिन्हे आपण शोधतो आहोत, हे तिच्या ध्यानात येते. मोकळ्या आयुष्याचे, लग्नाचे विचार मनात शिरतात. शेवटच्या सकाळी तो तिला बोलावतो. तोंडातून काही अक्षरे निसटतात. डॉक्टर त्यांचा अर्थ 'मुलगी घाबरते आहे' असा लावतो; मारियाला त्यांत 'जीव दुखतो आहे' हे ऐकू येते, आणि तो मान डोलावतो. पुढे तो तिला एका लाडक्या नावाने हाक मारतो. ते नेमके कोणते, हे तिला कळत नाही. निवेदकही दोन शक्यता देऊन थांबतो. नजरेवरून एवढेच ठरते की असा शब्द त्याने पूर्वी कधी उच्चारला नव्हता. सर्वज्ञ निवेदकाने अगदी याच ठिकाणी आपली सर्वज्ञता आवरती घ्यावी, हा योगायोग नव्हे. ही माया पित्याची की इजेची, हे तो सांगत नाही. तो सांगतो ते एवढेच, की रात्रभर आपण तुला हाक मारत होतो असे बाप म्हणतो, आणि मुलगी त्या रात्री दाराबाहेर उभी राहून आत जायला धजावली नव्हती.

मराठी वाचकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवावी. आपल्याकडे घराच्या प्रमुखाला 'कर्ता पुरुष' म्हणतात. पक्षाघातानंतर त्याच्याविषयीची क्रियापदे एका रात्रीत प्रयोजक होतात. बाबा उठले, जेवले, फिरून आले यांची जागा उठवले, भरवले, फिरवून आणले ही रूपे घेतात. कर्ता कर्म होतो. 'अहो'चा आदर टिकतो, पण त्याला 'एवढा घास बरं' अशी लहान मुलासाठीची भाषा चिकटते. हा सूक्ष्म फेरबदल आपल्या कथेने अजून पुरेसा टिपलेला नाही. तिच्यातला अंथरुणाला खिळलेला वडीलधारा माणूस बहुधा ढासळत्या घराचे प्रतीक म्हणून पडून असतो आणि समीक्षकही त्याला तसाच पडू देतात. प्रतीकाला कोणी भरवत नाही.

तॉलस्तॉयच्या प्रकरणात हे भरवणे, उठवणे जुना नोकर तीखॉन करतो. अखेरीस म्हातारा काही बोलतो ते कोणालाच समजत नाही. मारिया आधीच्या क्षणाचा धागा धरून अर्थ शोधते: रशियाबद्दल असेल, भावाबद्दल, नातवाबद्दल, मृत्यूबद्दल. तिला ते सापडत नाही. तीखॉनला समजते. तुझा तो पांढरा पोशाख घाल, मला तो आवडतो, असे तो म्हणत असतो.