कळसूची अट

आषाढाची पहिली झड लागली कीं नाशकांतील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो: यंदा कोठें जावयाचें? उत्तरेंही ठरलेलीं असतात. कोणी इगतपुरी म्हणतो, कोणी त्र्यंबक, कोणी भंडारदरा. ज्यांच्या गुडघ्यांत बळ आहे ते हरिहराच्या कातळांत खोदलेल्या उभ्या पायऱ्या चढतात; ज्यांच्या नाहीं ते वैतरणेच्या जलाशयाकांठीं एखादी लांकडी कुटी दोन रात्रींसाठीं भाड्यानें घेतात आणि ओसरीवर बसून पाऊस पाहतात. यांत वाईट कांहींच नाहीं. वर्षभर शहरांत कोंडलेल्या माणसाला चार दिवस मोकळी हवा मिळावी, मुलांनीं ओढ्यांत पाय बुडवावे, हें कोणाला आवडणार नाहीं? प्रस्तुत लेखकाची तक्रार या सहलींविषयीं नाहीं. सहलीहून परत आल्यावर जें लिहिलें जातें, त्याविषयीं आहे.

डोंगरांत विसांव्यास जाण्याची चाल या प्रदेशास नवी नव्हे. १६७९ सालीं जालन्याच्या मोहिमेहून परततांना शिवाजी महाराजांनीं पट्टा किल्ल्यावर मुक्काम केला आणि त्या किल्ल्यास विश्रामगड हें नांव मिळालें. १८६५ सालीं थळघाट चढून आगगाडी वर आली, तेव्हांपासून इगतपुरी मुंबईकरांच्या आटोक्यांत आली. पुढें देवळालीची कोरडी हवा प्रकृतीस मानवते असें ठरून तेथें हवापालटाकरितां बिऱ्हाडें येऊं लागलीं. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि त्याच्या जलाशयानें सहलीच्या मंडळींस आणखी एक ठिकाण मिळालें. आज या साऱ्या टापूंत कॉटेजें, तंबू आणि फार्महाऊसें यांची रांग लागलेली आहे. म्हणजे जाणाऱ्यांची संख्या वाढली, सोयी वाढल्या, आणि अर्थात् लिहिणारेही वाढले. वाढलें नाहीं तें एवढेंच, कीं या डोंगरांविषयींचें आमचें ज्ञान.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतील पावसाळी लेख आणि मुक्कामाच्या जागांच्या जाहिराती शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. वरचें नांव झांकलें तर लेख कोणता आणि जाहिरात कोणती, हें ओळखतां येणार नाहीं. दोहोंतही परिसर 'नयनरम्य' असतो, मुक्काम 'निसर्गाच्या कुशींत' असतो, धरित्रीनें 'हिरवा शालू' नेसलेला असतो आणि सकाळीं दऱ्यांवर 'धुक्याची दुलई' पसरलेली असते. जाहिरात लिहिणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याला खोली भाड्यानें द्यावयाची आहे. परंतु ज्याला कांहींच विकावयाचें नाहीं, त्या लेखकानेंही तीच भाषा उसनी घ्यावी, हें चिंतेचें लक्षण होय.

या शालूचीच गोष्ट घ्या. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूस आषाढांत जी हिरवळ डोळ्यांत भरते, तिचा मोठा भाग भाताच्या खाचरांचा असतो. डोक्यावर इरलें किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, गुडघाभर चिखलांत ओणवें राहून बायांनीं आवणी केलेली असते, म्हणून ती हिरवळ तेथें असते. आमच्या लेखकास शालू दिसतो, पण तो विणणारे हात दिसत नाहींत. तीच गत पाण्याची. इगतपुरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथील वर्णनांत धबधब्यांवांचून परिच्छेद पुरा होत नाहीं. पण कातळावर पडलेला तो पाऊस कातळावरूनच निघून जातो, ऊर्ध्व वैतरणा धरणांत जें सांठतें त्यांतून मुंबईची तहान भागते, आणि वैशाखांत त्याच टापूंतील कित्येक वाड्यांच्या बाया हंडे घेऊन विहिरीचा तळ खरवडीत असतात. हें ज्यानें पाहिलें त्याला धबधब्यावर लिहूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्याच्या धबधब्याचा आवाज थोडा निराळा येईल.

येथें एक कबुली देणें भाग आहे. हे दोष मीं दुसऱ्यांच्या लेखांत शोधून काढलेले नाहींत. माझ्याच एका प्रवासलेखांत ते सगळे आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं कुटुंबासह घोटीच्या दक्षिणेस अशाच एका कुटींत दोन दिवस राहण्याचा योग आला होता. दुपारचें जेवण झालें, पाऊस उघडला आणि समोरची रांग एकदम मोकळी झाली. ताटें उचलावयास आलेल्या बाईस मीं सहज विचारलें, "बाई, तो उंच डोंगर कोणता?"

"ती कळसूबाई," ती म्हणाली. मग ताटें हातांतच धरून, हनुवटीनें दाखवीत तिनें उजवीकडचे डोंगर ओळीनें सांगितले: अलंग, मदन, कुलंग. कोणत्या सोंडेखालीं उन्हाळ्यांत पाणी राहतें, हेंही सांगितलें. आणि जातां जातां म्हणाली, "तिला भांडीं घासाया लावलीं बाबा, म्हणून वर गेली ती." एवढें बोलून ती आमचीं ताटें घेऊन मोरीकडे निघून गेली.

त्या सहलीवर मीं जो लेख लिहिला, त्यांत 'समोर उत्तुंग गिरिशिखरांची रम्य मालिका' असें एक वाक्य आहे. बाई नाहीं, डोंगरांचीं नांवें नाहींत, गोष्टही नाहीं. लेख छापून आला, स्नेह्यांनीं वाखाणला. आज तो वाचतांना लाज वाटते.

बाईनें एका वाक्यांत सांगितलेली ती कथा जुनी आहे. १८८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरांत ती थोडक्यांत नमूद आहे. कळसू नांवाची एक कोळ्याची मुलगी होती; तिला रानांत हिंडण्याची भारी हौस. ती डोंगराच्या पायथ्याशीं इंदोरे गांवीं आली आणि एका कुटुंबांत कामास राहिली. मात्र भांडीं घासणार नाहीं आणि केर काढणार नाहीं, अशी अट तिनें आधींच घातली होती. कांहीं काळ सुरळीत गेला. मग एके दिवशीं घरांतील कोणी तिला भांडीं घासावयास सांगितलें. तिनें तीं घासलीं, लगेच डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत शिखरावरच राहिली. जेथें तिनें भांडीं घासलीं ती जागा थाळेमेळ, आणि जेथें ती राहिली तें शिखर कळसूबाई. नाशिक आणि अहमदनगर (आतां अहिल्यानगर) या जिल्ह्यांच्या सीमेवरील हें शिखर १,६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रांत त्याहून उंच शिखर नाहीं. शिखरावर तिचें देऊळ आहे आणि नवरात्रांत तेथें यात्रा भरते.

वाङ्मय म्हणून या कथेकडे पाहिलें तर तिची कांटकसर थक्क करणारी आहे. तींत डोंगराला एकही विशेषण नाहीं. मुलगी रडली, रागावली, तिनें शाप दिला, यांपैकीं कांहीं नाहीं. तिनें भांडीं घासलीं, हा तपशील तर कोणा मोठ्या कथाकारास सुचावा असा आहे. सांगितलेलें काम तिनें टाकलें नाहीं. पण शब्द मोडणाऱ्या घरांत ती राहिलीही नाहीं. राज्यांतील सर्वांत उंच जागा लोकांनीं कोणा राजाला वा ऋषीला न देतां, एका मोलकरणीच्या स्वाभिमानाला दिली आहे. या डोंगरांतील मुक्कामाची जी सर्वांत जुनी गोष्ट आपणांस ठाऊक आहे, ती पाहुण्याची नसून राबणाऱ्या मुलीची आहे, हें आमच्या प्रवासलेखकांनीं ध्यानांत ठेवावें.

शहर सोडून कुटींत राहण्याचीं दोन पुस्तकें मराठी वाचकांच्या परिचयाचीं आहेत. त्यांच्याशीं ताडून पाहिलें असतां आमच्या लेखनाचें उणें अधिक स्पष्ट होतें. पहिलें थोरोचें 'वॉल्डन'. अमेरिकेंत कॉंकर्ड गांवाजवळ एका तळ्याकांठीं १८४५ सालीं त्यानें स्वतःच्या हातांनीं कुटी बांधली, तींत तो दोन वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला, आणि १८५४ सालीं त्यावरील पुस्तक प्रसिद्ध केलें. दुर्गाबाई भागवतांनीं 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नांवानें तें मराठींत आणलें. या पुस्तकांत चिंतन पुष्कळ आहे, पण त्याच्या आरंभींच कुटीच्या खर्चाचा हिशेब दिला आहे: एकंदर २८ डॉलर व साडेबारा सेंट. फळ्या कितीच्या, खिळे कितीचे, सर्व. रानांत डोक्यावर छप्पर असण्याला कांहीं मोल पडतें आणि तें कोणीतरी देतो, याचा थोरोला क्षणभरही विसर पडत नाहीं. आमच्या लेखांतही शेवटीं हिशेब असतो. पण तो खोलीच्या भाड्याचा.

दुसरें पुस्तक गो. नी. दांडेकरांची १९५८ सालची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी. मुंबईंत आयुष्य घालवलेला म्हातारा बुधा आपल्या राजमाचीवर परत येतो आणि माचीवर एकटा राहूं लागतो. झाडें, पांखरें, जनावरें हेच त्याचे सोबती होतात. गोनीदांनीं डोंगर पायांखालीं घातलेले होते, म्हणून त्यांची माची हुबेहूब उतरली आहे. बुधा डोंगर पाहावयास आलेला नाहीं, तो घरीं आलेला आहे. त्यामुळें वर्णन कितीही लांबलें तरी देखाव्याचें होत नाहीं. एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. लेखकाचें बुधावरचें प्रेम इतकें उत्कट आहे कीं त्याचा एकांत अंमळ जास्तच गोड झाला आहे. डोंगरांतील माणसाला मुंबई कां गांठावी लागते, हा प्रश्न त्या गोडीखालीं दबतो. कळसूच्या लहानशा कथेंत तो दबत नाहीं, कारण तिचा आरंभच चाकरीपासून होतो.

यावर कोणी म्हणेल, कीं या कॉटेजांमुळें गांवांतील बायांस काम मिळतें, मुलांस मोटारी चालवावयास मिळतात. तुमच्या कथेच्या सोवळेपणानें त्यांचें पोट भरणार आहे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्यास उडवून लावणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण कळसूनेंही काम नाकारलें नव्हतें. तिनें काम पत्करलें, अटी ठरवून पत्करलें. प्रश्न काम असावें कीं नसावें हा नसून अट कोणी घालावयाची हा आहे. अकोले तालुक्यांत पुरुषवाडी येथें गांवकरी पाहुण्यांस आपल्याच घरांत उतरवतात, आपल्या चुलीवरचें जेवूं घालतात. तेथें पाहुणा कोणाच्या तरी घरीं गेलेला असतो आणि त्यास घराच्या रीतीनें वागावें लागतें. उलट ज्येष्ठांत काजवे पाहण्याकरितां भंडारदऱ्याच्या रानांत मोटारींची जी रीघ लागते, तिच्या दिव्यांच्या झोतांत काजवेच दिसेनासे होतात. काजव्यांचा प्रकाश हा नरमादीनें एकमेकांस ओळखण्याचा संकेत आहे; आपल्या उजेडानें आपण तो पुसून टाकतों. तेथें अट घालणारा कोणी उरलेला नसतो.

लेखकाला कॉटेजाचे नियम ठरवतां येत नाहींत, धरणाचें पाणी वळवतां येत नाहीं. त्याच्या हातीं फक्त वाक्यें आहेत. पण वाक्यांतूनही चाकरी करून घेतां येते: ज्याच्या डोंगरांत आपण राहिलों त्याला वर्णनांतून वगळलें, किंवा 'भाबडे आदिवासी' म्हणून एका कोपऱ्यांत उभें केलें, कीं त्याच्याकडून आपण भांडींच घासून घेतलीं. म्हणून यापुढें डोंगरांतील मुक्कामावरचा कोणताही लेख हातीं आला तर मी त्यांत तीन साध्या गोष्टी शोधणार आहें. समोरच्या डोंगराचें नांव त्यांत आहे काय? पिण्याचें पाणी कोठून आलें, हें लेखकानें विचारलें काय? आणि ज्या हातांनीं त्याला वाढलें, त्या माणसाचें एखादें तरी वाक्य, त्याच्याच तोंडचें, लेखांत उतरलें आहे काय? माझ्या जुन्या लेखांत यांतलें एकही नव्हतें. ती बाई तर तिन्ही गोष्टी न विचारतां देऊन गेली होती.