शहरी मोटार-शर्यतमार्गांची स्थलनिवड : एक चिकित्सा

प्रस्तावना

नेहमीच्या वाहतुकीचे रस्ते काही दिवस बंद करून त्यांवर मोटारींच्या शर्यती घेण्याची प्रथा जुनी आहे. मोनॅको येथे अशी शर्यत १९२९ मध्ये सुरू झाली. गेल्या दोन दशकांत सिंगापूर (२००८), बाकू (२०१६), जेद्दा (२०२१) व लास वेगास (२०२३) या शहरांनी हाच मार्ग स्वीकारला. नव्या 'स्ट्रीट सर्किट'ची जागा ठरविताना शहराचे दृश्यसौंदर्य, पर्यटन आणि दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी यांचाच विचार प्रामुख्याने होतो. हे निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

काटकसरीचा युक्तिवाद

समर्थकांचा एक मुद्दा निश्चितच विचारार्ह आहे. कायमस्वरूपी शर्यतमार्गासाठी मोठी जमीन व भांडवल गुंतते. ग्रेटर नोइडा येथील बुद्ध मार्गावर फॉर्म्युला वन शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे झाली. त्यापेक्षा असलेले रस्ते वापरणे शहाणपणाचे, असे म्हटले जाते. परंतु रस्ता तयार असला, तरी शर्यतमार्ग तयार नसतो. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या बंदर परिसरात २००८ ते २०१२ या काळात पाच शर्यती झाल्या. त्यानंतर त्या मार्गाचा काही भाग दीर्घकाळ पडीक राहिला. म्हणजेच काटकसर ही रस्त्यावर नव्हे, तर शर्यतीनंतरच्या उपयोगावर अवलंबून असते.

सुरक्षिततेचा निकष

शहरातील रस्त्यांची घडण वेगळ्या हेतूने झालेली असते. १९७५ मध्ये बार्सिलोनातील मोंज्युईक मार्गावर संरक्षक कठडे नीट बसविलेले नाहीत, म्हणून चालकांनी सरावास विरोध केला. तरीही शर्यत झाली. रॉल्फ श्टोमेलेन यांच्या मोटारीचा मागील पंख तुटून ती कठड्यापलीकडे गेली व प्रेक्षक मृत्युमुखी पडले. फॉर्म्युला वन त्या मार्गावर पुन्हा गेली नाही. लास वेगास येथे २०२३ मध्ये रस्त्यातील झडपेचे झाकण निसटल्याने कार्लोस साइन्झ यांच्या मोटारीची हानी होऊन पहिला सराव काही मिनिटांतच थांबवावा लागला. मधल्या काळात तंत्र पुष्कळ सुधारले. रस्त्याचा मूळ स्वभाव मात्र तोच राहिला.

संमतीचा प्रश्न

याहून मूलभूत प्रश्न असा, की रस्ता कोणाचा? इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराला १९८६ ते १९९० मधील शर्यतींसाठी आधी संसदेकडून १९८५ चा स्वतंत्र कायदा मिळवावा लागला. निर्णयाआधी जाहीर चर्चेची पायरी त्यामुळे अटळ ठरली. अर्थात केवळ कायदा पुरेसा नसतो. मेलबर्नच्या ॲल्बर्ट पार्क उद्यानातील शर्यत १९९६ मध्ये सुरू झाली. परंतु १९९४ च्या कायद्याने तिला काही नियोजनविषयक व पर्यावरणविषयक तरतुदींतून सूट दिली होती. नागरिकांनी तेथे दीर्घ आंदोलन केले. एकच साधन एका ठिकाणी संमती मिळविण्यासाठी, तर दुसऱ्या ठिकाणी विरोध निष्प्रभ करण्यासाठी वापरले गेले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

भारतीय अनुभव

हैदराबाद येथे हुसेनसागराच्या काठावरील २.८ किलोमीटरच्या मार्गावर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी विद्युत मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. राज्यात सत्तांतर झाल्यानंतर २०२४ ची शर्यत रद्द झाली आणि पुढे आर्थिक व्यवहारांची चौकशीही सुरू झाली. एका सरकारच्या इच्छेवर उभा राहिलेला उपक्रम दुसऱ्या सरकारच्या अनिच्छेने कोसळला. चेन्नई येथील आयलंड ग्राउंड्स परिसरातील मार्गाबाबत मद्रास उच्च न्यायालयात याचिका झाल्या. मुख्य रस्ते व जवळची रुग्णालये यांचा प्रश्न त्यांत होता. अखेर ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तेथे रात्रीची शर्यत झाली. जी विचारणा नियोजनाच्या टप्प्यावर व्हावयास हवी होती, ती न्यायालयाच्या दारात झाली.

समारोप

शहरी शर्यतींना सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. सामान्य प्रेक्षकाच्या दारापर्यंत हा खेळ त्यांनीच नेला आहे. मात्र स्थळ ठरविताना तीन प्रश्न प्रथम विचारले जावेत : रस्ता बंद असताना रुग्णवाहिका कोठून जाईल? खर्च व तोटा कोण सोसेल? आणि शर्यत निघून गेल्यावर तेथे काय उरेल? ज्या शहराकडे या प्रश्नांची जाहीर व लेखी उत्तरे नाहीत, त्या शहराचा समुद्रकिनारा कितीही देखणा असला, तरी ते शर्यतीसाठी योग्य स्थळ ठरत नाही.